माझ्या चित्राला ब्रश न लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

हे समोर बसून सांगायला गेले तर दोन वाक्यांत गळा भरून येईल, म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते चित्रकला शिकणाऱ्यांपर्यंत पोचावं असं वाटतं, आणि शिकवणाऱ्यांपर्यंत तर नक्कीच. तुम्ही स्वतः ते कदाचित विसरूनही गेला असाल.

घडी घालून एकावर एक ठेवलेल्या चादरींचं माझं चित्र तुमच्या ईझलवर होतं. रंग ओले होते. तुम्ही डोळे किलकिले करून बराच वेळ गप्प उभ्या राहिलात. मग पुढे होऊन तळहात कॅनव्हासपासून बोटभर अंतरावर धरलात, उजव्या कोपऱ्यातलं पितळी भांडं बरोबर झाकलं जाईल असा. "आता बघ," एवढंच म्हणालात. मी बघत राहिले. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिलात, पण खाली घेतला नाहीत. माझं बघून होईपर्यंत तो तसाच धरून ठेवलात.

त्या हातानं मला काय दिलं ते सांगायचं तर आधीच्या हातांबद्दल बोलावंच लागेल. मला शिकवणारे एक सर विद्यार्थ्याच्या हातातून ब्रश काढून घ्यायचे आणि चार फटकारे मारून द्यायचे. चित्र उठून दिसायचं, सगळे वाहवा करायचे, आणि त्यानंतर त्या कॅनव्हासकडे बघायची मला इच्छाच राहायची नाही. एका प्रदर्शनाच्या परीक्षकांनी सांगितलं की चित्रात काहीतरी चमकणारं हवं, नजर तिथे थांबते. एका कलादालनात चित्रं पुरती उलगडून दाखवायच्या आतच विचारलं गेलं, "घोडे काढता का? चादरी भिंतीवर कोण लावणार?" ताई, ते पितळी भांडं या सगळ्या माणसांनी मिळून माझ्या चित्रात ठेवलेलं होतं. यांतल्या एकानेही चित्रासमोर मिनिटभर उभं राहून मला हा विषय का काढावासा वाटला, ते विचारलं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तुमचा हात मध्ये आला आणि भांड्यावरचा तो पांढरा ठिपका दिसेनासा झाला. चित्रातला सगळ्यांत उजळ बिंदू तोच होता, त्यामुळे नजर पुनःपुन्हा तिकडेच धावत होती. तो गेल्याबरोबर वरच्या चादरीची दुमडलेली कड उजळली. खालच्या घड्यांतले करडे रंग एकमेकांपासून वेगळे झाले. एक निळसर, एक मातकट, एक जरा हिरवट. मी ते आठवडाभर खपून लावले होते आणि तोवर मलाच दिसले नव्हते. भांडं काढ, असं तुम्ही म्हणाला नाहीत. काढायचं की ठेवायचं ते माझ्यावर सोडलंत.

त्यानंतर तुमच्या स्टुडिओत नुसतं बसायला दिलंत, तेही माझ्या दृष्टीनं मोठंच होतं. वस्तू तुमच्या फळीवर किती दिवस नुसत्या पडून असतात! आधी पेन्सिलीनं हाताएवढी छोटी रेखाटनं, आणि ती करतानाच कंटाळा आला तर तो विषय तिथेच सोडून द्यायचा. विषय कसा निवडता, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही इटालियन चित्रकार मोरांदीची चित्रं समोर ठेवलीत. बोलोन्यात राहून तो आयुष्यभर त्याच बाटल्या, तेच डबे काढत राहिला. फ्रेंच चित्रकार शार्दँचंही सांगितलंत. 1728 मध्ये फ्रान्सच्या चित्र-शिल्पकलेच्या अकादमीनं त्याला घेतलं ते प्राणी आणि फळं काढणारा म्हणून, आणि त्या काळी ती सगळ्यांत खालची पायरी समजत. पण त्याच्या साध्या भांड्यांसमोर आजही माणसं थांबतात. घोडे मागणाऱ्यांना त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जागा उरली नाही.

आणि पांढरा रंग! चादर पांढरी म्हणून मी ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट सरळ लावत सुटायचे. तुम्ही पॅलेटवर निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट अंबर मिसळून करडा केलात, एकदा निळ्याकडे झुकवलात, एकदा तपकिरीकडे, आणि पांढरा अगदी शेवटासाठी राखून ठेवलात. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत तेल वाढवत जायचं, हे मी पूर्वी नियम म्हणून पाठ केलं होतं. त्यामागचं कारण तुमच्याकडे कळलं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा तेलकट थर अजून हलत असताना वरचा कडक झाला, की भेगा पडतात. हे सांगायला तुम्हाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि इतकी वर्षं कोणाला ती पाच मिनिटं द्यावीशी वाटली नव्हती.

एका संध्याकाळी तुम्ही तुमचं स्वतःचं अर्धं झालेलं चित्र पॅलेट नाइफनं खरवडून काढलंत आणि कॅनव्हास फडक्यानं पुसलात. मी तिथेच बसले होते. इतक्या मोठ्या चित्रकर्तीनं नवख्या मुलीसमोर हे करावं, दार लावून न घेता, याचं मला अजून नवल वाटतं. ज्यांच्या हातात कसब असतं त्यांना ते दाखवायची ओढ असणारच. ती आवरून समोरच्याला त्याच्या वेळेनं दिसू देणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. अशी माणसं ज्या खोलीत असतात तिथे बाकीच्यांचं काम आपोआप सुधारतं, हे मी तुमच्याकडे डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडे येणारा तो अबोल मुलगा आता चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

भांडं मी त्याच रात्री खरवडून काढलं. चित्र अजून विकलं गेलेलं नाही. ते माझ्या समोरच्या भिंतीवर आहे आणि मला त्याच्याकडे बघवतं, रोज बघवतं.

सध्या पुन्हा त्याच चादरी घेतल्या आहेत, या वेळी संध्याकाळच्या दिव्यात. सावल्यांत जांभळा नीट बसतोय, पण उजेडात पिवळा फार होतोय आणि तो कुठे मोडायचा ते सुचत नाहीये. पुढच्या आठवड्यात आणून दाखवलं तर चालेल का, तेवढं कळवा.

तुमची कृतज्ञ,
चादरीवाली