वर्कस्टेशनच्या नावाखाली जुनं झिऑन गळ्यात पडतंय

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत बारावीनंतरच्या कोर्सेसची माहिती आली होती, त्यात आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ एडिटिंगला जाणाऱ्या मुलांनी "वर्कस्टेशन प्रोसेसर असलेला कॉम्प्युटर घ्यावा" असं एक वाक्य होतं. वर्कस्टेशन म्हणजे जड कामासाठी बनवलेलं महागडं मशीन. वाक्य एकच, पण पालक ते कात्रण खिशात घालून दुकानात येतात हो. काही इन्स्टिट्यूटच्या यादीतही असंच मोघम लिहिलेलं असतं. मी कोल्हापुरात कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि नंतर ते सांभाळायचं काम करतो, गिऱ्हाईक म्हणजे आर्किटेक्टची ऑफिसं, लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओ, आणि शिरोली, गोकुळ शिरगावची फौंड्रीवाली मंडळी. महागाचं मशीन खपलं तर फायदा माझाच आहे, तरी लिहितोय, कारण सध्या असं झालंय की ज्यांना वर्कस्टेशन नकोय ते घेतायत आणि ज्यांना खरंच हवंय ते घ्यायला तयार नाहीत.

आधी पोरांचं बघू. नवं, खरं वर्कस्टेशन सामान्य घराच्या बजेटमध्ये बसतच नाही, मग "वर्कस्टेशनच पाहिजे" म्हणणाऱ्या पालकाला बाजारात काय मिळतं, तर सेकंडहँड झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. डेटासेंटरमधून निघालेल्या जुन्या सर्व्हरचे प्रोसेसर, एक्स९९ नावाने येणारे चिनी बोर्ड, वर एक काचेचं कॅबिनेट आणि आत रंगीत लाइटी. त्यातला एक फार चालणारा म्हणजे झिऑन ई५-२६८० व्ही४. कागदावर १४ कोअर (प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), ३५ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), आणि शेजारी इंटेलचाच साधा डेस्कटॉप प्रोसेसर कोअर आय५-१२४०० ठेवला तर त्यात फक्त ६ कोअर, १२ थ्रेड. बाप म्हणतो १४ कुठं आणि ६ कुठं, आणि पैसे झिऑनवर मोजतो. आता हा झिऑन २०१६ सालचा आहे, बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो (थोड्या वेळापुरता वाढणारा वेग) लागला तर ३.३, आणि सगळे कोअर एकदम कामाला लावले तर त्याहून कमी. तो आय५ २०२२ चा, ४.४ पर्यंत जातो, आणि मधल्या सहा वर्षांत एका गिगाहर्ट्झमध्ये होणारं कामही वाढलंय. त्यामुळे एका कोअरचं काम असेल तर आय५ जवळजवळ दुप्पट वेगाने करतो, आणि सगळे कोअर लागणारं काम असलं तरी ते ६ कोअर त्या १४ कोअरच्या आसपास येऊन बसतात. वीज खातो ती वेगळीच, झिऑनचा टीडीपी (कंपनीने दिलेलं विजेचं-उष्णतेचं माप) १२० वॉट आणि आय५ चा ६५.

आणि दुकानात कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे जुने झिऑन नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पाच वर्षांच्या कोर्ससाठी आज घेतलेलं मशीन पहिल्याच दिवशी जुगाड करून चालवायचं. झिऑनला नावं ठेवत नाही मी, त्या काळात तोडीचा प्रोसेसर होता, आणि कुणाला घरी लिनक्स सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन वगैरे शिकायचं असेल तर आजही स्वस्तात मस्त आहे. पण आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

तिला लागतं काय तर ऑटोकॅड, स्केचअप, पुढे रेव्हिट. या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग करताना, मॉडेल फिरवताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. विश्वास नसेल तर कुणाच्याही मशीनवर बघता येतं, टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडायचं, की एकाच्या जागी छोटे छोटे चौकोन दिसतात. आता मोठी फाइल उघडा नाहीतर जड मॉडेल फिरवा. झिऑनवर २८ चौकोन असतात, त्यातला एखादा वरपर्यंत चढतो, काही वेळा उडी मारून शेजारच्या चौकोनात जातो, बाकीचे तळाशी आडवे. वर एकूण वापर दिसतो चार-पाच टक्के, आणि पोरगी म्हणते कॉम्प्युटर रिकामाच आहे की, मग अडकतोय का. अडकतोय कारण तो एक कोअर दमलाय आणि बाकीच्यांना वाटून द्यायला कामच नाहीये.

कॉम्प्युटर बनवणारे इंजिनिअर जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हा हिशेब मांडून ठेवलाय. समजा कामाचा ९० टक्के भाग सगळ्या कोअरमध्ये वाटता येतो आणि १० टक्के एकापाठोपाठ एकच करावा लागतो. १६ कोअर लावले तर काम ६.४ पट वेगाने होतं, ३२ लावले तर ७.८ पट, ६४ लावले तर ८.८ पट, आणि कितीही लावा, १० पटीच्या वर जातच नाही. १६ चे ६४ केले, पैसे कितीतरी पट मोजले, आणि हातात काय आलं ते बघा. पंगतीत वाढपी कितीही वाढवले तरी आचारी एकच असेल तर भात त्याच्या वेगानेच येणार.

रेंडरिंगला, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, सगळे कोअर लागतात हे खरं, कोरोना रेंडरर तर सगळं काम सीपीयूवरच करतो, तिथे जास्त कोअर म्हणजे सरळ कमी वेळ. पण कॉलेजची मुलं बहुतेक एनस्केप, लुमियन असलं वापरतात आणि ते चालतं ग्राफिक्स कार्डवर. म्हणजे प्रोसेसरवरचे पैसे वाचवून कार्डात घालायला हवेत. आमच्याकडे नेमकं उलटं होतं, झिऑनवर खर्च झाला की कार्ड कुठलंतरी जुनंपानं बसवलं जातं.

व्हिडिओवाल्यांची तर अजून वेगळीच गंमत. आजकाल लग्नाचं शूटिंग ज्या कॅमेऱ्यांवर होतं ते बऱ्याचदा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइल (रंगांची जास्त माहिती दाबून भरलेला व्हिडिओ) देतात. ही फाइल टाइमलाइनवर पुढे-मागे सरकवताना सुरळीत चालायची तर ती उलगडायला वेगळं हार्डवेअर लागतं, आणि ते इंटेलच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डात ४:२:२ ची सोय आरटीएक्स ५० सिरीजपासून आली. जुन्या ई५ झिऑनमध्ये आतलं ग्राफिक्सच नाही, आणि एएमडीच्या महागड्या वर्कस्टेशन प्रोसेसरमध्ये, थ्रेडरिपरमध्येसुद्धा नाही. म्हणून हळदीचा व्हिडिओ साध्या आय५ वर लोण्यासारखा सरकतो आणि १४ कोअरवाल्यावर धक्के खात चालतो. स्टुडिओवाल्यांना हे एकदा दाखवलं की पटतं, पण तोवर पैसे गेलेले असतात.

ज्यांना खरंच जास्त ताकद लागते त्यांच्यासाठीसुद्धा नेहमीचा डेस्कटॉप आता कुठल्या कुठे गेलाय. २०१७ मध्ये एएमडीने पहिला थ्रेडरिपर काढला, १९५०एक्स, १६ कोअर, ९९९ डॉलर, तेव्हा लोक म्हणायचे घरात सर्व्हर आला. दोनच वर्षांनी २०१९ मध्ये १६ कोअर साध्या डेस्कटॉप बोर्डवर बसायला लागले. आजचा एएमडीचाच साधा डेस्कटॉप प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स घ्या, १६ कोअर, ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत, २०२४ मध्ये आला तेव्हा किंमत ६४९ डॉलर. एकट्याने काम करणाऱ्या आर्किटेक्टला, एडिटरला, कोड लिहिणाऱ्याला याच्या वर जायची गरज क्वचितच पडते. डेस्कटॉपमध्ये सगळं आलबेल असतं असंही नाही, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे क्रॅश व्हायचा त्रास झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचं मशीन असेल तर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, एवढं या निमित्ताने सांगतो.

आता फौंड्रीवाले, माझी खरी तक्रार इथे आहे.

कास्टिंग ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतात, साच्यात धातू कसा भरेल, कुठला भाग आधी थिजेल, श्रिंकेज कुठे येईल ते बघायला. त्यासाठी सगळ्या साच्याचे लाखो बारीक ठोकळे पाडतात आणि वेळेच्या प्रत्येक टप्प्याला प्रत्येक ठोकळ्याचं तापमान मेमरीतून वाचायचं, हिशेब करायचा, परत लिहायचं. यात कोअरचा बराच वेळ हिशेबात जात नाही, मेमरीची वाट बघण्यात जातो. डेस्कटॉपला मेमरीचे चॅनेल, म्हणजे मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतचे रस्ते, दोन. ५६०० वेगाच्या डीडीआर५ मेमरीच्या दोन स्टिक लावल्या तर कागदावर सेकंदाला ८९.६ जीबी. आता मॉडेल मोठं झालं, रॅम कमी पडली म्हणून अजून दोन स्टिक घातल्या, की ९९५०एक्सवर मेमरीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, म्हणजे ५७.६ जीबी. रॅम वाढवली आणि मशीन हळू झालं, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि त्यांना वाटतं स्टिक डुप्लिकेट आहेत. याच्या समोर थ्रेडरिपर ९९६०एक्स ठेवा, २४ कोअर, चार चॅनेल, ६४०० ची मेमरी, २०४.८ जीबी. थ्रेडरिपरच्या प्रो मालिकेत आठ चॅनेल, म्हणजे ४०९.६. वर्कस्टेशनचे पैसे या गोष्टीसाठी मोजायचे असतात. शिवाय साध्या थ्रेडरिपरवर १ टीबीपर्यंत रॅम बसते, प्रोवर २ टीबी, डेस्कटॉपची मजल १९२, फार तर २५६ जीबी. प्रोला पीसीआयई ५.० च्या १२८ लेन (कार्डं जोडायच्या वाटा), ९९५०एक्सला वापरायला २४, त्यातल्या १६ एकटं ग्राफिक्स कार्ड घेतं. तीन-चार कार्डं लावायची असतील तर डेस्कटॉपवर जागाच उरत नाही.

आणि ईसीसी मेमरी. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ईसीसी तो पकडते आणि दुरुस्त करते. लोक म्हणतात असं कुठं होतं का. २००३ च्या निवडणुकीत बेल्जियममध्ये स्कारबेकला मतदानाच्या मशीनने एका उमेदवाराला बरोब्बर ४०९६ मतं जास्त दिली होती, ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एक बिट उलटल्याचाच संशय. डीडीआर५ च्या जाहिरातीत ऑन-डाय ईसीसी लिहिलेलं असतं, ते फक्त चिपच्या आतल्या चुकांपुरतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचं काही चालत नाही. रायझनला ईसीसी चालते, पण बोर्डाने साथ दिली तर, आणि इंटेलच्या डेस्कटॉपला त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतो. रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनच्या भरवशावर आपण टनावारी लोखंड ओतणार असू तर हा खर्च वाया जात नाही.

पण होतं काय, सॉफ्टवेअरच्या लायसन्सला लाखांनी पैसे मोजलेले असतात, रिजेक्शनमध्ये महिन्याला किती जातं ते मालकाला तोंडपाठ असतं, आणि मशीन घ्यायची वेळ आली की परचेसवाले तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्त गेमिंग पीसी उचलतात. दोन्हीवर "१६ कोअर" आणि "१२८ जीबी" लिहिलंय ना, मग झालं. उलटा प्रकारही बघितलाय, ६४ कोअरचा थ्रेडरिपर घेतला आणि लायसन्स मोजक्या कोअरचं. बऱ्याच सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअरवर असतं, तेव्हा आधी लायसन्स बघा, तेवढेच कोअर घ्या आणि उरलेले पैसे मेमरीच्या चॅनेलवर घाला.

खर्चाचं खोटं सांगत नाही. ९९६०एक्स २०२५ मध्ये आला तेव्हा एकटा १४९९ डॉलरचा, त्याला लागणारा टीआरएक्स५० बोर्ड साध्या बोर्डाच्या कितीतरी पट, मेमरी रजिस्टर्डच लागते म्हणजे घरातल्या जुन्या स्टिक चालणार नाहीत, आणि ३५० वॉटचा प्रोसेसर थंड ठेवायचा, वर यूपीएस तेवढा मोठा. त्यात एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की आज दिलेलं कोटेशन पुढच्या आठवड्यात द्यायची माझी छाती होत नाही. पुढे अपग्रेड करू म्हणूनही थ्रेडरिपर घेऊ नका, २०१९ च्या टीआरएक्स४० बोर्डवाल्यांना एकाच पिढीचे प्रोसेसर मिळाले आणि नंतर रस्ता बंद. रायझनच्या एएम५ डेस्कटॉप बोर्डांना निदान २०२७ पर्यंतचा शब्द कंपनीने दिलाय.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी पुरवणीत "वर्कस्टेशन घ्या" असं छापण्याऐवजी कोर्समध्ये कुठली सॉफ्टवेअर शिकवतात त्यांची नावं छापा, इन्स्टिट्यूटनाही यादीत तेच द्यायला सांगा, सॉफ्टवेअर कळलं की गावातला कुठलाही जाणता मेकॅनिक दहा मिनिटांत मशीन सुचवेल. आणि ज्यांच्या घरी ते झिऑन आधीच येऊन बसलंय त्यांनी भंगारात घालायची घाई करू नका. त्यावर लिनक्स टाका, ब्लेंडर टाका, आणि रोजच्या कामाला साधा आय५ घेतलात की रात्री रेंडर लावायला ते मशीन बाजूला चालू ठेवता येतं, फक्त पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा आहे का तेवढं आधी उघडून बघा, कारण त्या सेटमध्ये सगळ्यात जास्त काटकसर तिथेच केलेली असते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर