बाबांच्या ‘बंद करून टाका’ला उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, “तू अभ्यास करतेस ते एन्झाइम हाडं खातं ना? मग बंद करून टाका की!” मी हसून विषय बदलला. पण बाबा, तुमच्या आधी याच वाटेने गेलेले भलेभले संशोधक तोंडावर आपटलेत, म्हणून हे नीट लिहूनच कळवते.

हाड वरून दगडासारखं दिसलं तरी आत सतत पाडकाम-बांधकाम चालू असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. पाडकाम करते ती ऑस्टिओक्लास्ट नावाची पेशी. ती हाडावर पालथ्या वाटीसारखी बसते, कडा घट्ट चिकटवते आणि आत आम्ल सोडते. खनिज विरघळतं, उरतात कोलॅजेन या प्रथिनाचे दोर. ते कापायला तिच्याकडे कात्री असते, कॅथेप्सिन के. तेच माझं एन्झाइम. तिने केलेला खड्डा मग दुसऱ्या पेशी भरून काढतात. आई, पाळी गेल्यावर खणणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. तुझ्या रिपोर्टात लिहिलंय ते हेच.

ही कात्री जन्मतःच नसलेली माणसं असतात. कारण कॅथेप्सिन केच्या जनुकातला बिघाड, हे 1996 मध्ये समजलं. त्यांची हाडं एक्स-रेत चांगली पांढरीशुभ्र, भरगच्च दिसतात, आणि जराशा धक्क्याने मोडतात! जुनं निघालंच नाही तर नवं बसणार कुठे? (तुलूझ-लोत्रेक या बुटक्या फ्रेंच चित्रकाराला हाच आजार असावा, असा बऱ्याच डॉक्टरांचा कयास आहे.)

तरी म्हातारपणी कात्री थोडी बोथट करायला काय हरकत आहे, असं वाटतंच. तसं औषध निघालंही होतं, ओडॅनाकॅटिब. 16 हजारांवर स्त्रियांवर चाचणी झाली, फ्रॅक्चर खरंच कमी झाले. पण औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि 2016 मध्ये ते सोडून द्यावं लागलं. बाबा, तुमचं ‘बंद करून टाका’ ते हे.

कॅन्सरकडेही हीच गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी हाडात शिरल्या की बहुतेक वेळा हाड स्वतः पोखरत नाहीत, ऑस्टिओक्लास्टला चिथावतात. ती हाड फोडते, त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात, आणि त्यावर कॅन्सर पोसतो. पोसला की आणखी चिथावतो. शिवाय गाठीभोवतीची जाळी कापणारी एमएमपी नावाची वेगळी एन्झाइम्स असतात. 1990च्या दशकात ती सगळी एकदम अडवणारी औषधं रुग्णांना देऊन पाहिली. सांधे आखडले, दुखले, आणि कॅन्सर काही हटला नाही. पुढे कळलं की त्यातली काही एन्झाइम्स तर आपल्याच बाजूने लढत होती! मला विचाराल तर घाई झाली. कोण कुठे काय कापतंय हे बघायच्या आधीच सरसकट बेड्या घातल्या.

मी सध्या ते बघण्याचंच काम करते. जिलेटिन घातलेल्या पातळ जेलमध्ये पेशींचा रस सोडायचा, रात्रभर ऊब द्यायची, मग निळ्या रंगात बुडवायचं. सगळं जेल निळं होतं, फक्त एमएमपीने जिथे जिलेटिन खाल्लं तिथे पांढरी रेघ उमटते. वरची रेघ एमएमपी-9, खालची एमएमपी-2. गेल्या महिन्यात मात्र जेल नुसतंच निळंशार! दोन दिवस रसाला बोल लावले, मग लक्षात आलं की द्रावणात कॅल्शियमच घातलं नव्हतं, आणि त्यावाचून ही एन्झाइम्स हलत नाहीत. हाडांवर काम करणारी मी, विसरले काय तर कॅल्शियम! हे कुणाला सांगू नका.

आई, तुझी आठवड्याची गोळी कात्रीला हात लावत नाही, ती ऑस्टिओक्लास्टलाच थंड करते. म्हणून ती चालते. पण ती अन्ननलिकेला लागली तर जखम करते, तेव्हा उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घे आणि पुढे अर्धा तास बसून राहा. आडवी झालीस तर बाबा मला कळवतीलच.

तुमची,
लेक