आषाढात रक्त देणाऱ्या मंडळाला

खानापूर तालुक्यातल्या आपल्या तरुण मंडळाच्या पोरांनो,

सप्रेम नमस्कार. रक्त दिलंत म्हणून आभार आहेतच, पण त्याहून जास्त ते पाळी लावून दिलंत म्हणून. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला आणि गणपतीत रक्तदान शिबिरं होतात. पण लाल पेशींची पिशवी 2 ते 6 अंशांत ठेवली तरी 35 ते 42 दिवसच टिकते. वैशाखातलं रक्त ज्येष्ठात संपतं आणि ऐन रोप लावणीत रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. तुम्ही ऊसतोडीसारख्या तीन टोळ्या पाडल्या, महिन्याला एक. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर लागतं, त्यात हे चोख बसलं. (बायकांना 120 दिवस, त्यांना चौथी टोळी हवी.)

आमच्या कॅन्सर वॉर्डात हे रक्त कुठं लागतं ते सांगतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला पाच आठवडे बाहेरून लाइट (रेडिएशन), दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून गाठीजवळ लाइट. सगळं 56 दिवसांत उरकावं लागतं, लांबलं की गाठ पुन्हा जोर धरते. नेमकं तेव्हाच एचबी (हिमोग्लोबिन) घसरतं. अंगावरून रक्त जात असतं, सिस्प्लॅटिन हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेला दाबतं आणि लाइट पडतो त्या कमरेच्या हाडांतच शरीरातली बरीच मज्जा असते. रक्त कमी तर गाठीत ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन नसला की लाइट पेशींना पुरता मारत नाही.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब, देतोच. सोसत नसेल तर शिरेतून लोह. पण एचबी एक ग्रॅम चढायला दोन-तीन आठवडे जातात. सोमवारी रिपोर्ट 7.8 आला, तर तेवढं थांबणार कोण? तिथं तुमची पिशवी कामाला येते. एका पिशवीनं साधारण 1 ग्रॅम वाढतो, आणि बहुतेक ठिकाणी 10 च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. पुढे 13-14 पर्यंत रक्त चढवत नेण्यात हशील नाही. लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननं शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून बरं करायच्या उपचारात ते टाळलेलंच बरं.

पिशवी फ्रीजमधून निघाली की अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची. घरचे लोक मायेनं तिला पदराखाली ऊब देतात, एखादा गरम पाण्याची बादली शोधत फिरतो. तसल्या उष्णतेनं पेशी फुटतात, पिशवी वाया! पहिली 15 मिनिटं थेंब सावकाश, सिस्टर खाटेपाशी उभ्या. थंडी भरली, कंबर दुखली, धाप लागली, की लगेच नळी बंद.

पिशवीवर नाव नसतं, नंबर आणि गट असतो. कुणाची कुणाला लागली ते आम्ही सांगू शकत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना मिळून.

पुढच्या टोळीची पाळी श्रावणात. वजन 45 किलोच्या वर आणि एचबी 12.5 तरी हवं. उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते. सोमवारचा उपवास असेल तर मंगळवारी या.

तुमचे,
कॅन्सर वॉर्डातले आम्ही सगळे