कूलर आणि संत्री

नागपूर, ६ एप्रिल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आज कूलर काढला. मागच्या वर्षीच्या ताट्या हातात घेताच काळपट भुगा अंगावर सांडला अन् मलाच चार शिंका आल्या. तू सात वर्षांचा होतास तेव्हाची रात्र आठवली. पहिल्यांदा कूलर लावला, तुला तो ओला वास आवडला, आणि पहाटे तीनला तू उशी पोटाशी धरून बसलेला, छातीतून शिट्टी.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, कूलरनंच दमा झाला ना?" मी हो म्हणालो. ते चूक होतं. कूलरमधल्या बुरशीनं, धुळीनं झोपलेला दमा उठवला, एवढंच. मूळ जुनं आहे. आजीला दमा, मला दर हिवाळ्यात शिंका, तुला तान्हेपणी कोपराच्या खोबणीत खाज. अशा घरातल्या मुलाला दम्याचा धोका जास्त. आणि आजवर न बोललेली गोष्ट : तेव्हा मी गॅलरीत सिगारेट ओढून तसाच तुला उचलून घ्यायचो. त्याचा वाटा किती, कोणी मोजून देणार नाही. पण सिगारेटच्या धुरानं लहान मुलांत दमा वाढतो, हे पक्कं.

आईच्या किराण्याच्या वहीत मागच्या पानावर तुझ्या त्रासाच्या तारखा आहेत. आठपैकी पाच साध्या सर्दीनंतरच्या. एक दिवाळीच्या धुराची, एक डिसेंबरच्या पहाटे अंबाझरी तलावावर धावलास तेव्हाची, एक कूलरची. संत्र्याच्या नावावर एकही नाही! आणि 'कफ होतो' म्हणून नागपुरात राहून दोन वर्षं तुला फोड दिली नाही आम्ही.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, बरं वाटत असलं तरी. म्हणून निमित्त मिळताच त्या आवळतात. निळा पंप त्या वेळेपुरता मोकळं करतो. सूज उतरवतो तो रोजचा पंप. 'पंपाची सवय लागते' असं कोणीतरी म्हणालं म्हणून नवव्या वर्षी आपण तो बंद केला, आणि पोळ्याच्या आठवड्यात तुला ऑक्सिजन लावावा लागला. तेव्हा डॉक्टरांना न विचारता रोजचा पंप बंद करू नकोस, आणि तो ओढल्यावर चूळ भर.

नव्या ताट्या आणल्यात, टाकी घासली. दोन दिवस गच्चीवर चालवून मग खिडकीला लावतो. मृग बहाराची संत्री संपत आलीत, डझनभर राखून ठेवली आहेत.

तुझा,
बाबा