व्हायनलवरचे लाइव्ह रॉक : आवाजाचे कौतुक करताना प्रत कोणती, तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाइव्ह रॉक अल्बमांच्या व्हायनल (म्हणजे सुईने वाजवायच्या प्लॅस्टिकच्या) रेकॉर्डविषयी आलेला लेख आवडीने वाचला. अल्बमांची निवड चांगली होती, आणि मैफलीत मुद्रित झालेले संगीत म्हणजे स्टुडिओतल्या कामाची पुरवणी नव्हे, ही लेखकाची भूमिकाही पटण्याजोगी आहे. मात्र आवाजाचा विषय आला की लेख एकदम ढोबळ होतो. अमुक अल्बम व्हायनलवर 'उत्कृष्ट वाजतो' असे पुन्हा पुन्हा म्हटले आहे, पण ती रेकॉर्ड मूळ काळातली होती की अलीकडचे पुनर्मुद्रण, ते कशावरून केलेले होते आणि अल्बमची विभागणी किती बाजूंवर केली होती, यातले काहीच वाचकाला कळत नाही. लाइव्ह अल्बमच्या बाबतीत ही माहिती वगळली तर आवाजाविषयीच्या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही, असे मला वाटते. त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ पोहोचेपर्यंत हे अंतर 21 सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे बाजूच्या शेवटी तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबावे लागते. झांजांची धार, गायकाचे 'स' आणि 'श', चढ्या पट्टीतली किंकाळी हे सगळे तिथे फाटू लागते. स्टुडिओत अल्बम बांधणाऱ्याकडे यावर सोपी तोड असते : बाजूच्या शेवटी एखादे संथ, हळुवार गाणे टाकायचे. मैफलीचा स्वभाव नेमका उलटा. ती चढत जाते, आणि तिचा कळस शेवटी येतो. त्यामुळे जिथे रेकॉर्ड सर्वांत दुबळी, नेमके तिथेच वादक सर्वांत जोरात वाजवत असतात. लाइव्ह अल्बम आणि व्हायनल यांच्यातला मूळ झगडा हा आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

'डीप पर्पल'च्या 'मेड इन जपान'चे उदाहरण पाहावे. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या तीन मैफलींतून मार्टिन बर्च यांनी हे मुद्रण केले, आणि रॉकच्या लाइव्ह मुद्रणांत ते आजही पहिल्या रांगेत बसते. दोन रेकॉर्ड, चार बाजू, आणि प्रत्येक बाजूवर वीस मिनिटांच्या आतबाहेर संगीत, ही विभागणी व्हायनलला मानवणारी आहे. तरीही पहिल्या बाजूचा उत्तरार्ध सुईची परीक्षा घेतो. तिथे 'चाइल्ड इन टाइम' आहे. सुरुवातीला जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन इतका हलका वाजतो की खाचेतला धुळीचा प्रत्येक कण ऐकू यावा. मग इयन गिलन यांचा आवाज एकेक पायरी चढत थेट किंकाळीपर्यंत जातो, आणि गाण्याच्या अखेरीस तीच किंकाळी लेबलच्या जवळ, सर्वांत दाटीच्या जागी येते. सुई झिजलेली असेल किंवा सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचा कोन जरासा चुकलेला असेल, तर तिथे गायकाचा आवाज न राहता नुसता खरखरीत फवारा उरतो. नीट बसवलेली बारीक टोकाची सुई तोच भाग स्वच्छ वाचते आणि मागे दालनाची पोकळीही ऐकवते. एकाच रेकॉर्डबद्दल दोन जाणकार श्रोते परस्परविरुद्ध मते देतात, त्यामागे अनेकदा एवढेच असते.

यावर कोणी म्हणेल की बाजू जितकी लांब तितका आवाज वाईट, हा सरळ हिशेब आहे. तो तितका सरळ नाही. मोठा आवाज आणि जड बास यांना रुंद खाच लागते, शांत संगीताला अरुंद खाच पुरते. कापणीच्या, म्हणजे रेकॉर्डसाठी खाच कोरणाऱ्या, यंत्रावर मुद्रणाची टेप चालते तेव्हा टेप वाचणारा एक जादा हेड पुढचे संगीत आधीच वाचतो. रेकॉर्डचा एक फेरा 1.8 सेकंदांचा, आणि साधारण तेवढ्या आगाऊ सूचनेवर यंत्र दोन खाचांमधले अंतर कमीजास्त करत जाते. म्हणून 'ग्रेटफुल डेड'च्या 1969 च्या 'लाइव्ह/डेड'ची पहिली बाजू पूर्णपणे व्यापणारी तेवीस मिनिटांची रचना तिथे निवांत मावते : तिचा मोठा भाग कुजबुजीच्या पातळीवर चालतो. सोळा ट्रॅकच्या (म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या) यंत्रावर मुद्रित झालेला हा पहिलाच लाइव्ह रॉक अल्बम, आणि त्यातला वाद्यांमधला मोकळेपणा आजही चकित करतो. उलट 'ऑलमन ब्रदर्स बँड'च्या 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'ची चौथी बाजूही जवळजवळ तेवढ्याच लांबीची आहे, पण तिथे दोन ड्रमवादक, दोन गिटार, ऑर्गन आणि बास असा सगळा ताफा पुन्हा पुन्हा उसळतो. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या या मैफली टॉम डाउड यांनी मुद्रित केल्या. त्यांनी वाद्ये इतकी नीट वेगळी ठेवली आहेत की ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारींचा संवाद डोळे मिटून वेगवेगळा उचलता येतो. तरी चौथ्या बाजूच्या आवाजाची पातळी पहिल्या बाजूच्या तुलनेत किंचित खाली ठेवल्याचे माझ्या कानांना जाणवते, आणि ते मला योग्यच वाटते. आवाजाची कळ थोडी फिरवली की काम भागते. फाटलेला आवाज मात्र कुठलीही कळ फिरवून दुरुस्त होत नाही.

हाच मुद्दा 'निर्वाणा'च्या 'एमटीव्ही अनप्लग्ड इन न्यूयॉर्क'च्या बाबतीत अधिक ठळक होतो. 18 नोव्हेंबर 1993 रोजी मुद्रित झालेली ही मैफल पुढच्या वर्षी आली तेव्हा जवळजवळ चौपन्न मिनिटांचे संगीत एकाच रेकॉर्डवर, म्हणजे प्रत्येक बाजूवर सुमारे सत्तावीस मिनिटे, बसवले होते. वाद्ये सौम्य होती म्हणून ते निभावले. पण कर्ट कोबेन यांनी शेवटच्या गाण्यात फोडलेला टाहो सर्वांत आतल्या खाचांत आला, आणि अख्ख्या मैफलीचे सार असलेला तो क्षण बाहेरच्या कडेवरच्या पहिल्या गाण्याइतका मोकळा होऊच शकत नाही. 2019 मध्ये हाच अल्बम सरावाच्या मुद्रणांसह दोन रेकॉर्डवर निघाला. ज्याला हा अल्बम व्हायनलवर 'उत्कृष्ट' वाटला, त्याने यांपैकी कोणता ऐकला होता, हे कळायला नको का?

आता 'द हू'च्या 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'कडे येतो, कारण आपल्या लेखकांप्रमाणेच माझाही तो सर्वांत आवडता आहे. 14 फेब्रुवारी 1970 रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या मैफलीतली फक्त सहा गाणी मूळ रेकॉर्डवर होती. पहिली बाजू पंधरा मिनिटांच्या आत संपते. त्यामुळे कापणी करणाऱ्याला खाचा ऐसपैस आणि खोल ठेवायला भरपूर वाव मिळाला, आणि चांगल्या स्थितीतल्या जुन्या प्रतीवर किथ मून यांचे ड्रम ज्या धडाक्याने अंगावर येतात त्याचे अर्धे श्रेय या थोडक्या लांबीला द्यायला हवे. कामात एक अडचणही होती. जॉन एंट्विसल यांची बास गिटार एका स्पीकरमध्ये आणि पीट टाउनशेंड यांची गिटार दुसऱ्या स्पीकरमध्ये अशी मांडणी आहे; जड बास मध्यभागी नसून एकाच स्पीकरकडे असला की खाच आडवी हलण्याबरोबर उभीही खोलवर जाते आणि सुई उडण्याची भीती राहते. एरवी कापणी करणारे म्हणूनच खालचे सूर गुपचूप मध्यावर आणून ठेवतात. मैफलीच्या मुद्रणात ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण दालनातला घुमारा दोन्ही बाजूंच्या मायक्रोफोनांत वेगवेगळ्या वेळी शिरलेला असतो.

मुद्रणाच्या यंत्रणेतल्या दोषामुळे त्या टेपवर काही टकटक आणि चरचर राहिली होती. ती तशीच ठेवायची असे ठरले, आणि रेकॉर्डच्या लेबलवर हाताने लिहिल्यासारखी सूचनाच छापली गेली : चरचर ठीक आहे, दुरुस्त करू नये. जुनी प्रत विकत घेणारे कित्येक जण आजही ती चरचर रेकॉर्ड खराब असल्याची खूण समजतात आणि पुन्हा पुन्हा धुऊन पाहतात! 1995 मध्ये सीडीसाठी अल्बमचा विस्तार झाला तेव्हा हे आवाज डिजिटल पद्धतीने काढून टाकण्यात आले आणि गाणीही दुपटीहून अधिक झाली. मैफलीचा दस्तऐवज म्हणून त्या विस्ताराचे मोल आहेच. तरी सहा गाण्यांची मूळ रचना मला अधिक प्रिय आहे. तिच्यात उसंत घ्यायला जागा नाही, आणि ती नसावीच.

यावरून मूळ प्रतीच सर्वश्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढू नये. 'येस'चा 1973 चा तीन रेकॉर्डचा 'येससाँग्ज' मूळ प्रतीवर मला कायम गढूळच वाटत आला आहे, आणि तिथे दोष खाचांचा नसून टेपचाच आहे. शिवाय डिजिटल टप्पा आला की व्हायनलचे सारे संपले, हा समजही तपासून पाहावा. 'टॉकिंग हेड्स'च्या 'स्टॉप मेकिंग सेन्स'साठी डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये झालेल्या मैफलींचे मुद्रण डिजिटल यंत्रांवर झाले होते, आणि तरीही तो अल्बम रेकॉर्डवर विलक्षण चपळ आणि स्वच्छ वाजतो. पुढे 2022 मध्ये तर मोबाइल फिडेलिटी या नामांकित अमेरिकी कंपनीला मान्य करावे लागले की तिच्या अनेक महागड्या पुनर्मुद्रणांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. तोवर त्याच रेकॉर्डांच्या शुद्ध अ‍ॅनालॉग (म्हणजे डिजिटल टप्पा नसलेल्या) आवाजाची स्तुती करणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांचे कान खोटे होते असे मी म्हणणार नाही; आवाज चांगलाच होता, फक्त त्याचे श्रेय भलतीकडे जात होते. रेकॉर्डच्या 180 ग्रॅम वजनाचेही तेच. जाड रेकॉर्ड सहसा सपाट राहते आणि हाताला बरी वाटते, पण खाचेत काय कोरले आहे ते वजनाने बदलत नाही.

लेखात स्टुडिओत मागाहून केलेल्या भरणीचा, म्हणजे मैफलीतले काही भाग पुन्हा गाऊन-वाजवून घालण्याचा, प्रश्न दोन वाक्यांत निकाली काढला आहे, आणि तिथे मी लेखकांशी सहमत आहे. 'थिन लिझी'च्या 1978 च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चा किती भाग पुन्हा मुद्रित केला यावरून निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी आणि वादक यांच्यात मतभेद झाले. 'ग्रेटफुल डेड'ने 'युरोप '72'मधले गायन बऱ्याच प्रमाणात स्टुडिओत नव्याने केले. ऐकणाऱ्याला त्याने फार बिघडत नाही. नव्या गायनाभोवती दालनाची हवा नसते, एवढे मात्र चांगल्या यंत्रणेवर कळते.

अधिक बाजूंवर पसरवलेली, किंवा मिनिटाला 45 फेऱ्यांच्या गतीने कापलेली पुनर्मुद्रणे यांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यांत आवाज सुधारतो यात शंका नाही, पण दर दहा-बारा मिनिटांनी उठून रेकॉर्ड उलटावी लागते आणि मैफलीची लय तुटते. ही तडजोड जुनीच आहे. 'ऑलमन ब्रदर्स'ची फिलमोर ईस्टमधलीच तेहतीस मिनिटांची एक रचना 1972 च्या 'ईट अ पीच'मध्ये दुसऱ्या आणि चौथ्या बाजूंवर अशी दोन तुकड्यांत घालावी लागली होती, आणि मध्ये अख्खी तिसरी बाजू स्टुडिओतल्या व इतर गाण्यांची होती. ज्याला सलग ऐकायचे आहे त्याने ही रचना व्हायनलवर ऐकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा विनंती अशी की या विषयावरचा पुढचा लेख छापताना प्रत्येक अल्बमपुढे ऐकलेल्या प्रतीचे वर्ष, रेकॉर्डची संख्या आणि शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला, प्रत कोणत्या कापणीची हे सांगणारा मॅट्रिक्स क्रमांक द्यावा. एका ओळीत हे मावते. आणि त्या लेखात 'द बँड'चा 'रॉक ऑफ एजेस' जरूर घ्यावा. डिसेंबर 1971 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये झालेल्या त्या मैफलींत अ‍ॅलन टूसाँ यांनी बांधलेला पितळी वाद्यांचा ताफा बँडच्या मागे उभा होता. पितळी वाद्यांचा तो झगमगाट मूळ 1972 च्या प्रतीवर आणि नव्या पुनर्मुद्रणावर आतल्या खाचांत कितपत टिकतो, हे आपल्या लेखकांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ऐकून लिहिले, तर वाचायला आवडेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक