‘मदर’ आणि ‘मातृ’: नोंद तळापर्यंत वाचा

महोदय,

इंग्रजी ‘मदर’ हा शब्द संस्कृत ‘मातृ’वरून आला, असे संदेश समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. मोबाइलमधले शब्दकोशाचे अ‍ॅप उघडले तरी याचा निकाल लागतो. फक्त अर्थापाशी थांबू नये. नोंदीच्या तळाशी ‘ओरिजिन’ किंवा ‘एटिमॉलॉजी’ हा शब्दाचे मूळ सांगणारा भाग असतो. काही अ‍ॅपमध्ये तो टिचकी मारल्याशिवाय उघडत नाही. तिथे ‘फ्रॉम’ असेल तर शब्द त्यापुढे दिलेल्या रूपातून आला. ‘कॉग्नेट’ किंवा ‘रिलेटेड टू’ असेल तर नाते केवळ भावंडांचे. ‘मातृ’ या दुसऱ्या गटात येते. रूपाआधी चांदणी (*) असल्यास ते लिखित सापडलेले नसून अभ्यासकांनी नात्यातल्या भाषांची तुलना करून बांधलेले असते.

सर्वाधिक चुका होतात त्या सारख्या स्पेलिंगमुळे. पैशांची ‘बँक’ इटालियन ‘बांका’ म्हणजे बाकावरून आली. नदीकाठच्या ‘बँक’ची नोंद वेगळी. शब्दाशेजारचा १, २ हा बारीक आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नोंदीत दिलेले साल हे शब्दाच्या जन्माचे नसते, तो पहिल्यांदा लिखित सापडल्याचे असते.

‘सॅलरी’चे लॅटिन मूळ मिठाशी जोडलेले आहे, हे खरे. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत, याला प्राचीन पुरावा नाही. काही अ‍ॅपही ही गोष्ट बिनदिक्कत छापतात, म्हणून दुसरा कोश पडताळावा.

जाता जाता ‘मंगूस’ही शोधावा: तो आपल्या ‘मुंगसा’वरूनच गेला आहे. शेवटच्या ‘गूस’चा बदकाच्या जातीतल्या पक्ष्याशी संबंध नाही, त्यामुळे अनेकवचन ‘मंगीस’ नव्हे, ‘मंगूसेस’.

– एक भाषाप्रेमी वाचक