आधी नकल उघड, मग टायर घे

चिपळूण,
११ मे

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जिप्सीचे फोटो काल रात्री एकेक मोठा करून बघत बसलो. कॉलेजात असताना हॉस्टेलसमोर पोलिसांची जिप्सी उभी राहायची आणि आपण दोघं तिच्याभोवती घुटमळायचो, ते आठवलं. शेवटी घेतलीस! १९९७ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, मूळ रंग अजून बराचसा शाबूत. मला मनापासून आनंद झाला.

आता तुझा प्रश्न. एकतीस इंची टायर, गाडी उंच करायची चार इंचाची लिफ्ट आणि पुढे विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढायच्या चरकाचा) बंपर, एवढं पावसाळ्याआधी उरकेल का? उरकेल. पैसे दिलेस तर पंधरा दिवसांत करून मिळेल. पण माझं ऐकशील तर यातलं काहीही आत्ता करू नकोस. तू फोनवर सहज बोलून गेलास की पंचावन्न-साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि पुढची चाकं नाचतात. मी अडकलो तो त्या वाक्यापाशी. तुला कुणीतरी स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा शॉक) बसवून घे म्हणून सांगितलंय. तो बसवलास की थरथर दबेल, पण आतली झीज चालूच राहील, आणि ती तुला कळायचीही बंद होईल.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघ. पुढचं चाक जॅकवर उचल. टायर वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धर आणि आतबाहेर हलव. खेळ जाणवला की वहिनींना ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांची, बेअरिंगं गेली असं समज. तुझी किंगपिनच असणार असं मला वाटतं, कारण माझ्या जिप्सीचंही अगदी हेच झालं होतं.

या पिना ज्यात बसतात तो ॲक्सलच्या टोकाचा सांधा म्हणजे नकल. माझी नकल मी घरीच उघडली, मागच्या पडवीत, दोन रविवार लावून. कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगच्या पाट्याला टांगून ठेवला (होजवर लोंबकळू देऊ नकोस, होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही). मग हब, स्पिंडल, आणि त्यामागून ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढला. आत ग्रीस असायला हवं होतं, तिथे पातळ काळा रबडा होता. ॲक्सलचं आतलं ऑईल सील गेलं की डिफरन्शिअलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑईल नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. वरच्या आणि खालच्या किंगपिनला चार-चार बोल्ट असतात. त्यांच्याखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर 'वरची', 'खालची' असं लिहून ठेव. हे मी आधी केलं म्हणून पुढे निभावलं.

बेअरिंगचा कप रॉकेलने धुऊन उजेडात धरला तेव्हा कारण दिसलं. रोलर जिथे टेकतात तिथे ओळीने बारीक खाचा पडल्या होत्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील इतक्या, पण नख फिरवलं की एकेक अडकत होतं. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी उभे राहून मार खातात आणि तिथेच खड्डे पाडतात. मग स्टेअरिंग नेमकं मधोमध अडकल्यासारखं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ढिलं लागतं. खाचा पडलेला कप ग्रीस भरून बरा होत नाही. नवीन बेअरिंगं आणि सीलची किट मी पुण्यात नाना पेठेतून आणली.

बसवताना मात्र घाई करू नकोस. बाहेरचं गोल सील न लावता आधी नुसती नकल बसवायची, बोल्ट आवळायचे, आणि टाय रॉडच्या (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकात आकडा असलेला वजनकाटा अडकवून ओढायचं. नकल हलायला लागते त्या क्षणी काट्यावर साधारण एक ते पावणेदोन किलोच्या मध्ये वजन दिसलं पाहिजे. मी शेजारच्या कोळणीकडून मासे तोलायचा काटा मागून आणला. पहिल्या खेपेला तो पाव किलोही दाखवेना. एक पातळ शिम काढली, पुन्हा आवळलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्या खेपेला सव्वा किलोवर नकल हलली आणि हाताला ती घट्ट, सावकाश वळण्याची जाणीव आली. ती जाणीव तुला एकदा यायला हवी, मन्या. त्यानंतर कराडला जाताना कुंभार्ली घाट एका हाताने चढलो असं म्हणणार नाही, दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते, पण मुठी आवळलेल्या नव्हत्या.

आता टायरचं. तुझ्या गाडीचा मूळ टायर २०५/७० आर १५ आहे, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलिमीटर. एकतीस इंच म्हणजे ७८७. जवळजवळ अठरा टक्क्यांनी मोठा. स्पीडोमीटर साठ दाखवील तेव्हा गाडी सत्तरच्या वर असेल. तेराशे सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याला प्रत्येक गिअर अठरा टक्क्यांनी उंच झाल्यासारखा वाटणार. चढावर खालचा गिअर लवकर टाकावा लागेल, उतारावर इंजिन गाडीला कमी धरेल, आणि ते राहिलेलं काम ब्रेकवर येईल. ब्रेक तेच, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. शिवाय जड चाकाचा प्रत्येक धक्का त्याच किंगपिनवर. तू दगडातून जायला टायर मोठे करणार, आणि दगडात आधी मोडेल ते नेमकं तेच.

लिफ्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते. डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून जेवढा उंच होता तेवढाच राहतो, कारण तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांवर. गोळ्याखालची जागा फक्त टायर वाढवतो, तीही टायर जेवढा वाढला त्याच्या निम्मी. एकतीस इंचाने सहा सेंटिमीटर मिळतील. २३५/७५ घेतलेस तर सव्वातीन. माझ्या गाडीला तेच आहेत आणि सह्याद्रीत मला अजून तरी कमी पडलेले नाहीत. उलट चार इंच उचललेल्या जिप्सीचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरका होतो, खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं. गाडी मुळातच अरुंद आणि उंच, आडव्या उतारावर तिला आणखी उंच करायचं धाडस मी करणार नाही.

आणि तुझ्या फोटोत गाडी मागून बसलेली दिसते. पाटे सपाट झालेत. ते उतरवून कमान मारून घे, सगळे बुश नवीन घाल, शॅकलच्या पिना सोडवून ग्रीस लाव. माझी गाडी एवढ्यानेच दीड इंच उठली. ती मूळ उंचीवर आली होती, एवढंच.

मी स्वतः केलेला बदल, जो मी कुणालाही डोळे झाकून सांगेन, तो ब्रीदरचा, म्हणजे ॲक्सलच्या आतली हवा ये-जा करायच्या तोंडाचा. तुला आठवत असेल, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या आळीत शिरलं. जिप्सी अंगणात होती, बोनेटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर आम्ही आधी घर उपसलं, गाडीकडे चौथ्या दिवशी वळलो. सुरू करून बघ म्हणून सगळे सांगत होते. मी बॅटरी काढली, प्लग काढले आणि पान्याने इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाणी उडालं. तसंच सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकले असते. मग पाच ठिकाणचं ऑईल: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शिअल. प्रत्येकाच्या तळातून आधी गढूळ पाणी आलं आणि मागून ताकासारखं दुधाळ ऑईल. तीनदा बदललं तेव्हा ते स्वच्छ राहिलं.

पण त्यासाठी पूरच यायला हवा असं नाही. गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी आत ओढते. म्हणून दोन्ही ॲक्सलच्या आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना रबरी नळ्या जोडून मी त्या वर बोनेटमध्ये, फायरवॉलपाशी नेल्या. क्लिपा धरून एका संध्याकाळचं काम. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर ऑईल उघडून बघतो, स्वच्छ असतं. आणि ऑईल बदलताना सवय लाव: भरायचा प्लग आधी सोडव, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तू खालून सगळं सोडून दिलं असशील, तर गाडी जागेवरून हलायची नाही.

गंजाचं तुला नाशकात माझ्याइतकं नडणार नाही. तरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने ठोकत जा. खणखण वाजला तर ठीक. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला भदभद आवाज आला, आणि लांबी (भरायची पुट्टी) खरवडली तर खाली पत्राच नव्हता. आधीच्या कुणीतरी गंजावरच लांबी भरून रंग मारला होता. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, आणि नवीन तुकडा एका दमात वेल्ड न करता चार बाजूंना थोडे थोडे टाके मारत जोडायचा, नाहीतर पत्रा ताटासारखा वाकतो. चासीची पाणी जायची भोकं तारेने मोकळी कर. माझ्या चासीतून पाइप लावल्यावर अर्धा तास लाल माती वाहत होती. काळं ऑईल मारणार असशील तर बुश आणि ब्रेकच्या होजांना लागू देऊ नकोस, रबर फुगतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही सगळ्या बदल, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

एक गोष्ट मी घरी कुणालाच सांगितलेली नाही, तुला सांगतो. नकलच्या कामात पहिल्या रविवारी मी चासीखाली जांभ्याचा चिरा ठेवला होता. आमच्याकडे तो सगळीकडे पडलेला असतो, हाताशी आला. मी पाना आणायला उठलो आणि मागे फट् असा आवाज झाला. चिरा मधून दुभंगला होता आणि गाडी हबवर आली होती. दोन मिनिटांपूर्वी माझं डोकं तिथे होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन लोखंडी स्टँड आणले. तू काम सुरू करायच्या आधी स्टँड घे. दगड, विटा, सिमेंटचा ठोकळा, काही नको, आणि नुसत्या जॅकवर तर नकोच. मला शब्द दे.

कागदाचंही बघ. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत नसलेले बदल चालणार नाहीत. तुझी गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची. मूळ बंपर आणि मूळ रिम विकू नकोस, माळ्यावर ठेव. विंचपेक्षा पुढे-मागे चासीला धरलेले चांगले ओढायचे हूक आणि एक दणकट पट्टा आधी घे. आपण जिथे जाणार तिथे दोन गाड्या असतीलच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला चार दिवस सुट्टी आहे. नकलच्या किट मी दोन आणल्या होत्या, एक अजून पाकिटात आहे. ती, स्टँड आणि काटा घेऊन येतो. कोळणीला सांगून ठेवलंय. तू तोवर पुढच्या सगळ्या बोल्टना रोज थोडं थोडं गंज सोडवायचं ऑईल मारत राहा आणि ती चाचणी करून काय निघतं ते मला कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या